पंख्याखालची पंगत

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाई, हे मी पयलेच सांगून टाकतो. नवऱ्यानं नाई, पोटच्या पोरीनं नाई, शेजारच्या गिरजानं तर नाईच नाई. मी गल्लीत उभी राहून घसा कोरडा केला का बाप्पा, शाळेत काहीतरी शिजून राह्यलं. अन् लोक काय म्हणे? "शेवंताबाई, तुमाले सगळीकडंच जळल्याचा वास येते."

आता येते तर येते. चुलीपाशी जिंदगी गेलेल्या बाईले जळल्याचा वास नाई येणार तर कोणाले येणार?

बसा, चहा घ्या. माझी कशी फजिती झाली ते सांगतो, एक शब्द लपवत नाई. फक्त मधी हसाचं नाई. मधी कोणी हसलं का मले वाटते याले आधीच कोणीतरी येऊन सांगून गेलं, अन् मंग मी किस्सा सोडून त्याच्याच तोंडाकडं पायत बसतो.

तर माझा धंदा तुम्हाले माहीत हाये. ज्याले नाई त्याच्यासाठी सांगतो. आमच्या इकडं लग्नाच्या जेवणात मडक्यावरची लंबी रोटी नसली तर पाहुणे जेवले असं कोणी मानत नाई. कणीक अशी सैल भिजवाची का ते हातावरून ओघळली पाहिजे. मंग तिले दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत लांबवाची, अन् चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकाची. रुमालासारखी रोटी निघते. केळझरपासून कारंज्यापर्यंत लोक मले बोलावतात. लग्नं मी लय केली. स्वतःचं एकच केलं, अन् त्यात रोट्या कच्च्या होत्या.

आता मले सांगा, रोटीवाली बाई लग्नात कुठं बसते? मांडवाच्या मागं, चुलीपाशी. अन् मागं बसलेल्या माणसाले पुढचं सगळं दिसते. जावई, सरपंच, पोलीस पाटील, हे आतमधी पंख्याखाली. त्याईच्या पंगतीत यजमान स्वतः वाकून वाढते, "घ्या ना जी, माझ्या हातची एक घ्या." दूरच्या नात्यातले ओट्यावर, त्याईले पुतण्या-भाचे वाढते. अन् झाडाखाली, हात धुवाच्या ड्रमपाशी, असे लोक बसतात का ज्याईच्याकडं यजमान पायते पण त्याईले पायत नाई. त्याईच्या पत्रावळीत वाढाले कोणी येत नाई. तेच उठतात, तेच बादली शोधतात, तेच वरण घेतात.

माणसाची किंमत काय, हे त्याले कुठं बसवलं त्यावरून समजते. शाळेत मी चौथीपर्यंत शिकली. हे दुसरं मी मांडवाच्या मागं शिकली, अन् त्यात मी कधी चुकली नव्हती.

आमचं गाव समुद्रपूरच्या आतल्या अंगाले. शाळा आठवीपर्यंत. माझी प्रांजली यंदा आठवीत. आठवीच्या पुढं काय, हा घरात मोठा झगडा. वर्ध्याले एक शाळा हाये, पोरींच्या राहण्याखाण्याची सोय असलेली. तिथं नववीत घ्याच्या आधी परीक्षा घेतात, अन् जागा थोड्या. तिच्या बापानं सांगून ठेवलं होतं, "पास झाली त धाडीन. नाई झाली त रोज एस्टीच्या मागं धावाले मी पोट्टीले सोडत नाई. घरी राहीन, तुयासंग रोट्या टाकीन."

रोट्या टाकणं काही वाईट नाई. त्यावरच घर चालते. पण मी माझे हात पायतो, कोपरापर्यंत डाग. अन् तिचे हात पायतो. बस, याच्यापुढं मी या विषयावर बोलत नाई.

संक्रांत झाली अन् शाळेत नवे हेडमास्तर आले, झाडे सर. तरुण माणूस, चष्मा, अन् बोलणं असं मऊ का मले पयल्याच दिवशी खटकलं. मऊ बोलणाऱ्यावर मी आधी नजर ठेवतो. कापसाचा व्यापारी बी काटा मांडाच्या आधी असाच बोलते.

या सरनं आल्या आल्या काय केलं, तर सहावी, सातवी, आठवीच्या एकेका पोट्ट्याले एकटं बोलावलं. एक धडा वाचाले लावला, एक भागाकार कराले लावला. अन् आठ दिवसानं सगळे पोट्टे मिसळून तीन ढीग केले. कापूस वेचल्यावर करतो तसे. सकाळचे दोन तास भाषा अन् गणित आपापल्या गटात शिकाचं, मंग आपापल्या वर्गात जाचं.

पालकसभेत सर म्हणाले, "गटांना आपल्याच नद्यांची नावं दिलीत. वर्धा, वणा आणि धाम. जो जिथं आहे तिथून त्याला पुढं न्यायचं."

मी उभी राह्यली. "ते ठीक हाये. हुशार कोनते अन् ढ कोनते, ते सांगा."

"ते आम्ही सांगत नाही, ताई. पोरांना लागतं."

सांगत नाई. आयकलं? आता जे सांगण्यासारखं असते ते माणूस सांगते. नाई सांगत, म्हणजे त्यात काहीतरी हाये. हे समजाले काय शाळा शिका लागते?

अन् माझ्या बाजूले कोण बसली होती? कुंदाबाई. आमची सरपंच. तिचा हर्षल सातवीत. हे बाई ग्रामसभेत पाण्याच्या टाकीची जागा ठरवाले सहा महिने भांडली, कोणाचंच बरोबर म्हणाले तयार नव्हती. अन् इथं सरचं वाक्य संपलं नाई तं तिनं मान हलवली. "बरोबर हाये सर. नाईच सांगाचं."

मी मनात म्हटलं, शेवंता, हे दोघं आधीच बोलून बसले.

दुसऱ्या दिवशी मी डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा घेतला अन् शाळेच्या भिंतीकडून निघाली. चुलीले कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या लागतातच, कोणाले संशय याचं कारण नाई. तोच भारा घेऊन मी येरझारा मारत राह्यली, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं असन तर सांगता येत नाई.

काय पायलं मी? आतमधल्या खोलीत, नवीन पंख्याखाली, धाम गट. खाली रंगीत चटई. हर्षल पयल्या ओळीत. अन् त्याईच्यामधी झाडे सर स्वतः मांडी घालून बसलेले. समोर रंगीत मण्यांच्या माळा, चित्रांचे पुठ्ठे. सर एकेकाच्या पाठीवर हात ठेवून, त्याचं बोट धरून सांगून राह्यले. व्हरांड्यात वणा गट, तिथं मॅडम. अन् वर्धा गट कुठं? निंबाच्या झाडाखाली, पाण्याच्या टाकीपाशी. ना मास्तर, ना मॅडम. मोजके पोट्टेपोट्ट्या, आपापल्या पुस्तकात तोंड खुपसून बसलेले. त्याईच्यात माझी प्रांजली.

आत पंख्याखाली सरपंचाचं पोरगं, यजमान स्वतः वाढून राह्यला. ओट्यावर मधले. अन् माझी पोरगी झाडाखाली, पाण्यापाशी, आपल्या हातानं वाढून घेऊन राह्यली. तुम्ही माझ्या जागी असते तर काय समजले असते? खरं सांगा.

घरी आल्यावर मी प्रांजलीले समोर बसवलं.

"आज मास्तरनं काय शिकवलं?"

"सर आमाले शिकवत नाई, आई. आमीच सोडवतो. अटकलं त विचारतो. घंटीच्या आधी सर येऊन पायते."

"म्हंजे शिकवतच नाई."

"गरज नाई पडत."

"गरज नाई पडत, हे त्यानं सांगतलं?"

"नाई. आमाले समजते. आमी पुढच्या गटात हावो. वर्ध्याच्या परीक्षेचे पेपर सोडवतो तथी बसून."

"पुढच्या गटात हा, त मास्तर मागच्याइपाशी काऊन बसते?"

"त्याईले येत नाई म्हनून, आई."

"सरपंचाच्या पोराले येत नाई? जो पंख्याखाली बसला त्याले येत नाई, अन् जे पान्याच्या टाकीपाशी बसली तिले येते. वा."

पोरीनं बापाकडं पायलं. बाप खाटेवर पडून मोबाइल पायत होता. तो म्हणाला, "पोट्टी बरोबर सांगून राह्यली. तू कायले डोकं लावतं?"

"तुमी लावलं असतं त मले लावा लागलं नसतं."

रात्रभर मी विचार केला. पोरगी भोळी. बापावर गेली. ज्याले फसवतात त्याले आधी खुश करूनच फसवतात, "तुमी पुढचे, तुमी हुशार, तुमी बसा झाडाखाली." लग्नातबी असंच करतात. "तुमी घरचे माणसं हा, मागून जेवा," म्हणतात, अन् मागून जिलेबी संपते.

मले पक्का पुरावा पाहिजे होता. तो मले रस्त्यात भेटला. हर्षल दुकानातून साखर घेऊन चालला होता.

"काय शिकवते रे सर तुले आतमधी?"

तो खाली पाहून म्हणाला, "गाने. मनी मोजनं. चित्राचे पुठ्ठे."

"अन् पुस्तक?"

"पुस्तक नाई म्हनते सर सध्या." मंग हळूच म्हणाला, "काकू, कोनाले सांगू नका."

पायलं? गाणी, मणी अन् लाड. अन् पोराले शिकवून ठेवलं का कोणाले सांगू नको. मी गिरजाले सांगतलं, "लिहून घे, हे सगळं सरपंचाच्या घरातून आलं."

गिरजा माझ्यासंग लग्नात कणीक भिजवते. ते म्हणाली, "शेवंता, पोराले लाज वाटून राह्यली असन."

"पंख्याखाली बसाची कोनाले लाज वाटते?"

ते घागर उचलून पाण्याले निघून गेली. म्हणजे मी जिंकली, असं मले वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी थेट हेडमास्तरच्या खोलीत. नेमकी कुंदाबाई तिथंच बसलेली. मी आत गेली तसे दोघंबी बोलता बोलता थांबले. आता हे बी मी मनानंच बनवलं का? थांबले ते थांबले.

मी म्हटलं, "सर, माह्यी पोरगी आतमधी बसन. पंख्याखाली. तुमच्यापाशी."

सर उभेच राह्यले. "ताई, तिचा गट वेगळा आहे. ती तिथंच बरी आहे."

"झाडाखाली?"

"तिला माझी तेवढी गरज नाही."

"आमाले मास्तरची गरज नाई, सरपंचाले हाये. बरं."

सरनं कुंदाबाईकडं पायलं. कुंदाबाईनं खाली फरशीकडं पायलं. मी दोघांकडं पायलं. मले सांगा, ज्याच्या मनात काही नाई तो फरशीकडं कायले पायन?

सर दाराकडं येऊन मले हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बाहेर या. एकट्यात सांगतो."

"एकट्यात काऊन? चोरी हाये का? जे सांगाचं ते सरपंचाच्या समोर सांगा."

त्या माणसाचं तोंड उघडलं अन् मिटलं. माशासारखं. शेवटी एवढंच म्हणाला, "ताई, आत आणलं तर तिचं नुकसान होईल. परीक्षा जवळ आली आहे."

धमकी. सरपंचाच्या तोंडावर मले धमकी दिली. तुम्ही म्हणान का ते समजावणं होतं. आज मले बी तसंच वाटते. पण त्या दिवशी त्याच शब्दानं माझ्या डोक्यात जाळ झाला.

मी कुंदाबाईकडं वळली. "ताई, पुढच्या हप्त्यात तुमच्या मोठ्या पोरीचं लग्न हाये नाई?"

"हाये ना. तुमालेच त सांगतलं."

"रोट्या दुसरीकडून पाहा. जोपर्यंत माह्यी पोरगी पंख्याखाली बसत नाई, या गावात मी मडकं चुलीवर ठेवत नाई."

एवढं बोलून मी पदर खोचला अन् निघाली.

आता इथून पुढं गावानं जे केलं ते पाहा. माझ्या पोरीसाठी कोणी उठलं नव्हतं. पण रोटीसाठी गाव उठलं. शिवरात्रीनंतरचे दिवस, लग्नं एकावर एक, अन् आसपासच्या गावात मडक्यावरची रोटी करणारी दुसरी बाई माझी मावससासू, तिले आता डोळ्यानं दिसत नाई. पोलीस पाटील शाळेत गेले. किराणावाला गेला. नवरदेवाच्या मामाचा फोन आला म्हणतात का लग्नात पुरी असन त आमी उशिरा येऊ. सगळे सरले एकच सांगे, "बसवा ना सर त्या पोट्टीले आत. पंख्याखाली एक पोट्टी जास्त झाली त पंखा हळू फिरनार हाये का?"

अन् सगळ्यात मोठी गोष्ट, कुंदाबाई स्वतः गेली. म्हणाली, "बसवा सर. हर्षलच्या बाजूलेच बसवा."

मी हे आयकलं अन् मले पुन्हा संशय. एवढ्या लवकर हे कशी मानली? हिले यात काय मिळते? गिरजा म्हणाली, "रोट्या मिळते ना." पण माझं मन काही भरलं नाई.

सोमवारी प्रांजली पंख्याखाली बसली. अन् मी कुंदाबाईच्या मांडवात चुलीपाशी बसली. रोट्या अशा उतरल्या का वऱ्हाडी वाटीत वरण घेऊन चुलीपर्यंत आले. झाडे सरबी जेवाले आले होते. त्याईले आत पंख्याखाली बसवलं होतं, पण ते पान सोडून मागं आले, माझ्यापाशी उकिडवे बसले. धुरानं डोळे चोळत म्हणाले, "शेवंताताई, दोन मिनिटं ऐकून घ्या. आत जे बसतात ना…"

मी गरम रोटी त्याईच्या हातावर टाकली. "सर्वांसमोर बोलाचं, सर."

सरनं मांडवाकडं पायलं. कुंदाबाई व्याह्याच्या पंगतीत वाढून राह्यली होती, हर्षल पाणी देऊन राह्यला होता. सर रोटी घेऊन उठून गेले. मी गिरजाले म्हटलं, "पाय, मनात पाप असलं का माणूस असा पळते." गिरजानं कणकीत तोंड घातलं.

आता तुम्हाले वाटन, पोरगी आत गेली, मले समाधान झालं असन. झालं. आठ दिवस. मंग मी विचारलं, "आज काय शिकवलं?"

प्रांजली म्हणाली, "कमळ."

"कमळ?"

"कमळ, वजन, गवत. काना-मात्रा नसलेले शब्द. उद्या 'बगळा' हाये."

"आठवीत?"

"तूच बसवलं ना मले तथी. मनी बी मोजतो मी. शंभरापर्यंत झाले. हर्षलचे ऐंशीपर्यंत झाले, त्याले मी मदत करतो."

"अन् वर्ध्याच्या परीक्षेचे पेपर?"

"ते झाडाखाली असते."

एवढं बोलून पोरगी भिंतीकडं तोंड करून झोपली. चार दिवस माझ्याशी बोलली नाई. भाजीत मीठ कमी हाये, हेबी बापाच्या हातून सांगून धाडलं.

इथं कोणत्याबी शहाण्या बाईच्या डोक्यात प्रकाश पडला असता. माझ्या डोक्यातबी पडला. पण कसा पडला ते आयका. मी म्हटलं, बरोबर. माझी पोरगी आत गेली तसं या मास्तरनं खरं शिकवणं उचलून बाहेर नेलं. तिच्या वाट्याले कमळ अन् गवत ठेवलं, अन् खरे पेपर झाडाखाली. आता सरपंचाच्या पोरालेबी कमळच मिळते, मंग यात सरपंचाचा फायदा काय? हा प्रश्न माझ्या मनात आला होता. पण रागाच्या वेळी असे प्रश्न मी दारातूनच वापस पाठवतो.

प्रांजलीच्या बापानं एकदाच म्हटलं, "अवं, तिले परत झाडाखाली जाऊ दे ना."

"म्हंजे त्याईचं फावन. नाई. आता वरून माणूस आणल्याशिवाय मी राहत नाई."

मी एस्टीनं समुद्रपूरले गेली. शाळा तपासणारे साहेब ज्या ऑफिसात बसतात तिथं गेली. दारातूनच सांगतलं, "साहेब, आमच्या शाळेत भेदभाव होते. हुशार पोरीले मुद्दाम मागं ठेवून राह्यले. तुमी स्वतः येऊन पाहा. आधी कळवाचं नाई, नाई त सगळं झाकून ठेवतील."

साहेब पिकल्या केसांचे, डोळे बारीक. म्हणाले, "येतो."

अन् बाप्पा, खरंच आले. परीक्षा चार हप्त्यांवर होती. मोटरसायकल शाळेपाशी थांबलेली गिरजानं पायली अन् धावत सांगाले आली. मी हातची कणीक तशीच टाकली. एकटी जाण्यात काय अर्थ? गल्लीतल्या बाया गोळा केल्या. म्हटलं, तुमी माह्यावर विश्वास ठेवला नाई ना, आता चला, स्वतःच्या कानानं आयका. कुंदाबाईबी ग्रामपंचायतीतून निघून आली. आम्ही सगळ्या खिडकीपाशी उभ्या राह्यलो. सकाळची शाळा होती, ऊन चढून राह्यलं होतं, अन् आत पंखा मस्त फिरून राह्यला होता.

साहेब आत पोरांमधी बसले. एकेकाले पुठ्ठे वाचाले लावले. कोणी अडखळे, कोणी बोट ठेवून एकेक अक्षर जोडे. मंग प्रांजलीचा नंबर आला. तिनं पुठ्ठा वाचला. साहेबानं पुस्तक दिलं, ते वाचलं. पेपरमधली बातमी दिली, ते वाचली. फळ्यावर गणित दिलं, तिनं उभ्या उभ्या सोडवलं, अन् साहेबाच्या मांडणीत एक चूक होती तेबी सांगतली.

माझी छाती अशी फुगली का खिडकीचा गज टोचाले लागला.

साहेबानं चष्मा काढला. झाडे सरकडं वळले. आवाज चढला. "ही मुलगी इथं काय करते आहे? किती दिवसांपासून बसते इथं?"

सर म्हणाले, "साहेब, तीन हप्ते झाले."

"परीक्षा तोंडावर आहे अन् हिला तीन हप्ते तुम्ही इथं बसवून ठेवलं? हा अन्याय आहे. याला जबाबदार कोण?"

अन्याय. साहेबाच्या तोंडचा शब्द. मी बायांकडं वळली. म्हटलं, आयकलं? आता बोला. वास मलेच येते नाई? अन् मी खिडकीतून आत आवाज दिला, "साहेब, नाव काढा त्याचं. सर्वांसमोर नाव निघालं पाहिजे. मी पोरीची माय हावो."

साहेब खिडकीपाशी आले. "तक्रार तुम्हीच केली होती ना, बाई? तुमचं बरोबर आहे. आत बसतात ती मुलं वाचण्यात मागं आहेत. त्यांना मास्तर जवळ लागतो, म्हणून सर स्वतः त्यांच्यात बसतात. झाडाखाली बसतात ती पुढं गेलेली आहेत, त्यांना फक्त जागा अन् शांतता लागते. तुमची मुलगी झाडाखालची आहे. उद्यापासून तिथं बसेल, अजून वेळ आहे, भरून काढेल. पण तिला आत आणलं कोणी, हे मी विचारल्याशिवाय जात नाही."

मी पंख्याकडं पायलं. पंखा फिरून राह्यला होता. खाली हर्षल मान घालून बसला होता, हातात मणी. माझ्या बाजूले कुंदाबाईनं पदर तोंडाले लावला. आता मले समजलं का ते त्या दिवशी फरशीकडं काऊन पायत होती, अन् सर काय एकट्यात सांगाले मागत होते. गिरजानं मले पाठीमागून हळूच चिमटा घेतला, म्हणजे चल.

मी निघालीच होती. पण साहेब झाडे सरवर वळले होते. "बोला. पालकाची परवानगी नसताना गट कोणी बदलला? सरपंचानं दबाव आणला?"

सरनं माझ्याकडं पायलं नाई. कुंदाबाईकडंबी पायलं नाई. तो मऊ बोलणारा माणूस फळ्याकडं पाहून म्हणाला, "माझीच चूक, साहेब. माझं नाव लिहा."

अन् साहेबानं खिशातून पेन काढला.

तितक्यात प्रांजली उठली. चार दिवस माझ्याशी न बोललेली पोरगी. हात मागं बांधून, हजेरीले उभी राहते तशी सरळ उभी राह्यली.

"सरचं नाव नोका लिहू, साहेब. त्याईनं नाई म्हनलं होतं. मी सांगतो कोनं आनलं ते."

"घाबरू नकोस," साहेब म्हणाले. "पूर्ण नाव सांग."

पोरीनं एकदा खिडकीकडं पायलं, अन् सगळ्या गल्लीले आयकू जाईन अशा आवाजात सांगतलं:

"शेवंताबाई मारोतराव ढगे."